मॅक्रोचं पोतं : वरून अख्खी मिरची, खाली पूड?

अमळनेरहून मामांचा फोन आला. मामा निवृत्त शिक्षक आहेत आणि गावातल्या शेतकरी गटाचा हिशोब सांभाळतात. ईमेलवर आलेली एक एक्सेल फाईल त्यांनी उघडली, तर वर लाल रंगाची आडवी पट्टी आली. त्यावर ‘सिक्युरिटी रिस्क’ असं लिहिलेलं, आणि शेजारी ‘लर्न मोअर’ एवढं एकच बटण. फाईल चालू करायचं बटण कुठेच नाही. मामा घाबरून म्हणाले, “भाचा, हाई लाल पट्टी कसानी शे रे?”

आमच्या केळीच्या पट्ट्यात ‘पट्टी’ म्हटलं की आधी आठवते ती हिशोबपट्टी. माल तोलला, भाव लागला, हमाली-तोलाई वजा झाली, हातात किती पैसे आले ते सांगणारा तो कागद. मी चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादक गटासाठी या पट्ट्या छापणारी एक्सेल फाईल सांभाळतो. त्यामुळे मामांच्या लाल पट्टीचं उत्तर देताना मला आमच्या कागदी पट्टीबद्दलही बोलावं लागलं. दोन्हीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: फाईलच्या पोटात जो प्रोग्रॅम बसलेला आहे, तो कुणाला वाचता येतो?

मॅक्रो म्हणजे काय

एक्सेल किंवा वर्डच्या फाईलमध्ये आकडे आणि मजकूर असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच फाईलमध्ये एक छोटा प्रोग्रॅमही ठेवता येतो. त्याला मॅक्रो म्हणतात.

केळीच्या हंगामात आमच्याकडे एका दिवसात चाळीस-पन्नास शेतकऱ्यांचा माल कापला जातो. प्रत्येकाचं वजन, भाव, कपात, आगाऊ उचल वेगळी. पूर्वी आमचा लेखनिक रात्री अकरापर्यंत पट्ट्या लिहीत बसायचा. आता काट्यावरची वजनं एका तक्त्यात भरायची आणि एक बटण दाबायचं. सगळ्या पट्ट्या नावानिशी तयार होऊन प्रिंटरमधून बाहेर पडतात. त्या बटणामागे मॅक्रो आहे.

एक्सेलमध्ये हे प्रोग्रॅम व्हीबीए नावाच्या भाषेत लिहितात. १९९३ पासून ती एक्सेलमध्ये आहे. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस संचात बेसिक, पायथन, जावा अशा कितीतरी भाषांत मॅक्रो लिहिता येतात. नाव काहीही असो, एक गोष्ट सारखी असते. मॅक्रो चालतो तो तुमच्या नावाने आणि तुमच्या अधिकाराने. तुम्ही संगणकावर जे करू शकता त्यातलं बरंचसं तोही करू शकतो. फायली वाचू शकतो, पुसू शकतो, इंटरनेटवरून दुसरी फाईल उतरवून ती चालूही करू शकतो. पट्टी छापणं हे त्यातलं अगदी साधं काम.

अख्खी मिरची आणि पूड

नंदुरबारला हंगामात गेलात तर शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या दिसतात. लांबच लांब लाल चादरी अंथरल्यासारख्या. तिथे मिरची अख्खी असते. घेणारा ती हातात घेतो, देठ बघतो, मोडून वास घेतो, डागी मिरची बाजूला काढतो. तीच मिरची दळून पुडीत भरली की यातलं काहीच करता येत नाही. आत देठासकट दळलंय का, रंग घातलाय का, जुना माल मिसळलाय का, हे नुसतं बघून सांगता येत नाही. प्रयोगशाळेत पाठवली तर कळेल, पण दरवेळी कोण पाठवतो?

प्रोग्रॅमचीही अशीच दोन रूपं असतात. माणूस लिहितो ते रूप म्हणजे सोर्स कोड. त्यात ‘वजन गुणिले भाव’ असं वाचता येईल असं लिहिलेलं असतं. ही अख्खी मिरची. संगणकाला ते सरळ पचत नाही, म्हणून त्याचं आकड्यांच्या भाषेत रूपांतर करावं लागतं. या दळण्याला कंपाईल करणं म्हणतात आणि दळून झालेली पूड म्हणजे कंपाईल केलेला कोड.

दळण्यात वाईट काहीच नाही. पूड पटकन वापरता येते, दरवेळी कांडत बसावं लागत नाही. तुमच्या मोबाईलमधली जवळजवळ सगळी ॲप्स अशीच दळून आलेली असतात. फाईलच्या पोटातली पूड वेगळी आहे ती एवढ्यासाठी की ॲप घेताना आपण ‘प्रोग्रॅम घेतोय’ हे जाणून घेतो. फाईल उघडताना मात्र आपण ‘कागद बघतोय’ असं समजत असतो.

एकाच पोत्यात दोन्ही

ही गोष्ट मला स्वतःला बरीच वर्षं माहीत नव्हती. कळली तेव्हा मी आमच्या सगळ्या फायली पुन्हा तपासल्या.

नव्या पद्धतीची एक्सेल फाईल खरं तर एक झिप, म्हणजे गाठोडं असते. तिची एक प्रत काढून नावाच्या शेवटी झिप लिहिलं की ती उघडते आणि आत फोल्डर दिसतात. मॅक्रो असलेल्या फाईलमध्ये ‘व्हीबीएप्रोजेक्ट’ नावाची एक बंद फाईल सापडते. सगळे मॅक्रो तिच्यात असतात. आणि त्या एका फाईलमध्ये एकच मॅक्रो दोन रूपांत ठेवलेला असतो: दाबून लहान केलेला सोर्स कोड, आणि त्याच्याच शेजारी त्याची पूड. या पुडीला पी-कोड म्हणतात. मॅक्रो एकदा चालून गेला असेल, तर पुढची वेळ वाचावी म्हणून एक्सेल आणखी बारीक दळलेलं तिसरं रूपही ठेवू शकतं.

फाईल उघडली की एक्सेल आधी बघतं, ही पूड माझ्याच जात्यावरची आहे का? म्हणजे आपल्याच आवृत्तीच्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसने (एक्सेल, वर्ड ज्या संचात येतात त्याने) बनवलेली आहे का? असेल तर सरळ पूड वापरतं, सोर्स कोडकडे ढुंकूनही बघत नाही. जातं वेगळं असेल तर पूड टाकून देतं आणि सोर्स कोडवरून पुन्हा दळतं.

आता कुणी मुद्दाम सोर्स कोड पुसला, किंवा त्या जागी भलतंच निरुपद्रवी काहीतरी लिहिलं, आणि पूड मात्र तशीच ठेवली तर? फाईलमधला सोर्स वाचणाऱ्याला स्वच्छ मजकूर दिसतो. चालतं मात्र दुसरंच. पोत्यात वर अख्खी निवडक मिरची पसरायची आणि खाली पूड भरायची, तसं. ही युक्ती काल्पनिक नाही. सुरक्षेच्या क्षेत्रातले लोक तिला ‘व्हीबीए स्टॉम्पिंग’ म्हणतात. वेस्सेलिन बोन्चेव्ह या बल्गेरियन संशोधकाने पी-कोड उलगडून दाखवणारं साधन लिहिलं, आणि फिलिप लगादेक यांच्या ‘ओलेटूल्स’ या मोफत साधनसंचात सोर्स आणि पूड जुळतात का ते तपासण्याची सोय आहे.

यातून एक विचित्र परिणाम निघतो. तीच फाईल एका संगणकावर एक वागते आणि दुसऱ्यावर दुसरं. ज्याच्याकडे जुळणारी आवृत्ती आहे त्याच्याकडे पूड चालते, ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे वरवरचा सोर्स चालतो. म्हणजे ‘आमच्याकडे उघडून बघितली, काही झालं नाही’ या वाक्याला फारसं वजन राहत नाही.

“पण अँटिव्हायरस आहे की!”

असायलाच हवा. चांगले अँटिव्हायरस पूडही तपासायला शिकले आहेत. पण वर सांगितलेली युक्ती निघाली तीच मुळी अशा साधनांसाठी, जी फक्त सोर्स वाचून निकाल देत होती. शिवाय अँटिव्हायरस ओळखतो ते चोराचे चेहरे. हिशोबातली चूक तो ओळखत नाही. तुमच्या पट्टीत हमाली दोनदा वजा होत असेल, तर अँटिव्हायरसच्या दृष्टीने ती फाईल शंभर टक्के निरोगी आहे.

लिब्रेऑफिसमध्ये काय होतं

आमच्या भागातल्या बऱ्याच छोट्या संस्थांनी आणि शाळांनी पैशांअभावी लिब्रेऑफिस घेतलंय. मला ते मनापासून आवडतं. ‘आपण लिब्रेऑफिसवर आहोत म्हणून सुखरूप’ ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे.

खरा अर्धा भाग असा. लिब्रेऑफिसची तक्त्याची फाईलही गाठोडंच असते, आणि बेसिक भाषेतला मॅक्रो तिच्यात ‘बेसिक’ नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुरात ठेवलेला असतो. पायथनचा मॅक्रो ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये, तोही मजकूर म्हणूनच. नोटपॅडमध्ये उघडा आणि वाचा. एक्सेलची मॅक्रोवाली फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडली, तर ते पी-कोडला हात लावत नाही, सोर्स वाचून त्यावरूनच काम करतं.

उरलेला अर्धा भाग जावाचा. जावामध्ये लिहिलेला मॅक्रो आधी बाहेर कंपाईल करावा लागतो. तयार झालेली पूड, म्हणजे क्लास किंवा जार फाईल, गाठोड्यात ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरच्या आत ‘जावा’ नावाने ठेवतात. सोबत एक चिठ्ठी असते, ज्यात आत कोणती कामं आहेत त्यांची नावं लिहिलेली असतात. गाठोड्यातल्या एकूण सामानाची यादी वेगळ्या फाईलमध्ये असते, आणि तिथे या नव्या वस्तूंची नोंद करावी लागते. ती राहिली तर फाईल बिघडली आहे अशी तक्रार लिब्रेऑफिस करू शकतं. एवढं केलं की तक्त्यासोबत तयार प्रोग्रॅम प्रवास करतो. समोरच्याच्या संगणकावर जावा असेल आणि मॅक्रोला परवानगी असेल तर तो चालतो.

इथे सोर्स कोड सोबत ठेवायचं बंधन कुणावरही नाही. ठेवणारा ठेवतो, नाहीतर नुसती पूड येते. व्हीबीएमध्ये निदान वरून मिरची ठेवायची पद्धत तरी आहे.

मग जावा वापरायचाच कशाला? कारण असतात. मोठ्या तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेले कोडचे संच, वापरता येतात, काटा किंवा बारकोड यंत्राशी जोडणी सोपी जाते, अवजड हिशोब वेगाने होतो. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर वापरावा, सोबत सोर्स द्यावा.

एका रुपयाची गोष्ट

आता आमच्या कागदी पट्टीकडे येतो. या विषयात माझा जीव का गुंतला ते त्याशिवाय कळणार नाही.

एकदा एक आजोबा पट्टी घेऊन काट्याच्या खोलीत आले. त्यांचा माल ८५७ किलो, भाव १,४५० रुपये क्विंटल. म्हणजे किलोला साडेचौदा. त्यांच्या नातवाने मोबाईलवर गुणाकार केला होता: १२,४२६ रुपये ५० पैसे. आमच्या गटात पन्नास पैसे वर ओढायची रीत आहे, म्हणजे १२,४२७ व्हायला हवे. पट्टीवर छापलेले १२,४२६. एक रुपया कमी.

आजोबा भांडायला आले नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, “माझा एक रुपया कुठे गेला, एवढं सांग.” शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याची पट्टी मी मागितली. त्याचा माल ८५९ किलो, भाव तोच. गुणाकार १२,४५५ रुपये ५० पैसे, आणि पट्टीवर १२,४५६. याचे पन्नास पैसे वर गेले होते, आजोबांचे खाली. एकच दिवस, एकच भाव, एकच यंत्र.

फाईल एका ओळखीच्या प्रोग्रॅमरने बनवून दिलेली होती. नशिबाने कोड उघडा होता. मी तो ओळ ओळ वाचला. पट्टी काढणारा मुख्य भाग सोळा ओळींचा, आणि त्यातल्या अकराव्या ओळीत व्हीबीएचं ‘राउंड’ हे काम वापरलेलं. तिथेच गोम होती. एक्सेलच्या तक्त्यात आपण जे ‘राउंड’ सूत्र वापरतो, ते अडीचचे तीन करतं. व्हीबीएतलं त्याच नावाचं काम मात्र बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातं. अडीचचे दोन करतं, साडेतीनचे चार करतं. मोठ्या बेरजांमध्ये चूक एकाच बाजूला साचू नये म्हणून ही पद्धत वापरली जाते. १२,४२६ सम, म्हणून आजोबांचे पन्नास पैसे खाली गेले. १२,४५५ विषम, म्हणून शेजाऱ्याचे वर गेले.

कुणी चोरी केली नव्हती. प्रोग्रॅमरची नियत साफ होती. त्याला हा फरक माहीत नव्हता, आणि मलाही नव्हता. एक शब्द बदलून तक्त्याचं ‘राउंड’ लावलं आणि प्रश्न मिटला. मागच्या पट्ट्या काढून ज्यांचा रुपया राहिला होता त्यांना पुढच्या पट्टीत जमा केला.

आता कल्पना करा, हाच हिशोब एखाद्या जार फाईलमध्ये दळून बसवलेला असता. मला आजोबांना काय सांगता आलं असतं? ‘कॉम्प्युटरने काढलंय, बरोबरच असेल.’ हे वाक्य मी आजवर किती खिडक्यांवर ऐकलंय याची गणती नाही. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने मान खाली घालून कागद खिशात ठेवलाय.

“आमच्या फाईलमध्ये चोरण्यासारखं आहे काय?”

मामांचाही हाच प्रश्न होता. गटाची नावं आणि सातबाऱ्याचे गट क्रमांक, एवढंच तर आहे त्यात.

पण चोराला फाईलमधलं काही नकोच असतं. त्याला फाईल हवी असते दार उघडण्यासाठी. १९९५ मध्ये ‘कॉन्सेप्ट’ नावाचा पहिला मोठा वर्ड मॅक्रो व्हायरस पसरला. त्याने फारसं नुकसान केलं नाही, पण कागदातून रोग पसरू शकतो हे दाखवून दिलं. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ आला. वर्डची फाईल उघडली की तो त्या माणसाच्या आउटलुक या ईमेल प्रोग्रॅममधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत धाडायचा. पाठवणारा ओळखीचा, म्हणून समोरचाही उघडायचा. कंपन्यांचे ईमेल सर्व्हर त्या लोंढ्याखाली बंद करावे लागले.

आणि २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तासांसाठी गेली. हल्लेखोर वीज कंपन्यांच्या जाळ्यात शिरले होते ते कर्मचाऱ्यांना ईमेलने आलेल्या ऑफिसच्या फायलींमधून, मॅक्रो चालू करायला लावून. कुणीतरी टेबलावर बसून, कामाचा कागद समजून, एक बटण दाबलं होतं.

आपल्याकडे वीज केंद्र नाही. पण ज्या संगणकावर गटाची पट्टी निघते, त्याच संगणकावर बहुतेक ठिकाणी बँकेचं नेट बँकिंगही उघडलं जातं.

मग ती लाल पट्टी कुठून आली

पूर्वी अशी फाईल उघडली की पिवळी पट्टी यायची आणि शेजारी ‘एनेबल कंटेंट’ बटण असायचं. लोक न वाचता दाबायचे. मीही दाबलंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो यापुढे थेट रोखले जातील, आणि त्याच वर्षी ते लागू झालं. मामांना दिसली ती ही लाल पट्टी. तिच्यावर बटण नाही ते मुद्दाम.

फाईल इंटरनेटवरून आली हे एक्सेलला कसं कळतं? ब्राउझर किंवा ईमेलचा प्रोग्रॅम फाईल उतरवताना तिला एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतो: ‘ही बाहेरून आलेली आहे’. ही चिठ्ठी फाईलच्या आत नसते. विंडोजची डिस्क ज्या पद्धतीने फायली मांडून ठेवते, त्या मांडणीत ती फाईलच्या बाजूला चिकटलेली असते. त्या मांडणीला एनटीएफएस म्हणतात.

आपले बहुतेक पेनड्राईव्ह वेगळ्या मांडणीचे असतात, आणि तिथे चिठ्ठी टिकत नाही. म्हणजे ईमेलवरून आलेली फाईल कुणी पेनड्राईव्हवर घेतली आणि तुमच्या संगणकात टाकली, तर लाल पट्टी येत नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत अर्ध्या फायली अशाच फिरतात. झेरॉक्सच्या दुकानातून, शाळेतून, सोसायटीतून, शर्टाच्या खिशातून. लाल पट्टी आली नाही याचा अर्थ फाईल चांगली आहे असा होत नाही. चिठ्ठी वाटेत गळून पडली असेल, इतकाच.

लिब्रेऑफिसचा मार्ग वेगळा. तिथे मॅक्रो सुरक्षेच्या चार पायऱ्या आहेत आणि मुळात ‘हाय’ ही पायरी लावलेली येते. या पायरीवर विश्वासू सही असलेले किंवा तुम्ही ठरवलेल्या फोल्डरमधले मॅक्रोच चालतात. जावाचा असो की बेसिकचा, नियम एकच. बऱ्याच ठिकाणी मी बघतो, कुणीतरी ‘चालत नाही’ म्हणून ती पायरी ‘लो’वर आणून ठेवलेली असते. तुमच्याकडे कुठे आहे ते आजच बघा. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे लिब्रेऑफिसखाली सिक्युरिटी, आणि त्यात मॅक्रो सिक्युरिटी.

“सही आहे ना, मग झालं!”

मॅक्रोवर डिजिटल सही करता येते. ती दोन गोष्टी सांगते: हे कुणी पाठवलं, आणि सही झाल्यानंतर त्यात बदल झालेला नाही. पोत्याच्या तोंडाला लावलेलं सील म्हणा. सील शाबूत असेल तर वाटेत कुणी हात घातला नाही हे कळतं. आत चांगला माल भरला होता का, हे सील सांगत नाही. आमच्या एका रुपयाच्या फाईलवर सही असती, तरी रुपया गेलाच असता.

तरीही सही हवी. पूड घ्यावीच लागणार असेल, तर निदान ती कुणाच्या गिरणीतून आली हे ठाऊक असावं.

“कोड माझा, मी का दाखवू?”

हा आक्षेप प्रोग्रॅमर मित्रांचा आहे, आणि मी तो हलक्यात घेत नाही. जळगाव-धुळ्यातली कितीतरी मुलं अशा छोट्या फायली बनवून पोट भरतात. दोन महिने खपून फाईल बनवायची, आणि पुढच्या गावात कुणीतरी नाव बदलून तीच विकायची, हे डोळ्यांदेखत घडतं. म्हणून ते एकतर कोडला पासवर्ड लावतात, नाहीतर सगळं दळून देतात.

पासवर्डबद्दल आधी सांगतो. व्हीबीएच्या कोडला लावलेला पासवर्ड म्हणजे कडी आहे, कुलूप नाही. सोर्स आत दाबून ठेवलेला असतो, पण गुप्त लिपीत नसतो. माहितगार माणसाला तो काढता येतो. म्हणजे चोर अडत नाही. अडतो तो तुमचाच ग्राहक, ज्याला आपला हिशोब समजून घ्यायचाय.

दळून देण्याचा दुसरा तोटा काही वर्षांनी कळतो. संगणकावरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस बदललं, ३२ बिटचं जाऊन ६४ बिटचं आलं, आणि जुना मॅक्रो ‘कंपाईल एरर’ दाखवून थांबला, असं आमच्याकडे ऐन हंगामात झालंय. सोर्स हातात होता म्हणून तासाभरात दुरुस्त झालं. नुसती पूड असती आणि बनवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असता, तर पुन्हा रात्री अकरापर्यंत हाताने पट्ट्या.

कमाईचं रक्षण करायला कायदा आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. कोड उघडा दिला म्हणून हक्क जात नाही. काम देताना साध्या कागदावर लिहून घ्या: हा कोड फक्त याच संस्थेने वापरायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि संस्थेनेही लिहून घ्यावं: सोर्सची एक प्रत आमच्याकडे राहील. मी ज्यांना ज्यांना असं सांगितलं, त्यातल्या एकानेही नकार दिला नाही. पैसे वेळेवर देणार का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं रास्त होतं.

“मग मॅक्रोच बंद करून टाकू”

नको. लेखनिकाच्या रात्री वाचल्यात त्या मॅक्रोमुळेच. बंद करायचा तो अनोळखी मॅक्रो.

फाईल आली की मी काय करतो

आधी नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बघतो. विंडोज ते शेपूट मुळात लपवून ठेवतं, म्हणून फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून घेतो. २००७ च्या ऑफिसपासून एक चांगली सोय झाली आहे. एक्सएलएसएक्स आणि डॉक्सएक्स या फायलींत मॅक्रो राहू शकत नाही. शेवटचं अक्षर ‘एम’ असेल, म्हणजे एक्सएलएसएम किंवा डॉक्सएम, तर आत मॅक्रो असू शकतो. जुन्या एक्सएलएस आणि डॉक या फायलींत, तसंच एक्सएलएसबीमध्येही असू शकतो. नुसती नावांची यादी पाठवणाऱ्याने मॅक्रोवाली फाईल का पाठवावी, हा पहिला प्रश्न.

दुसरं, पाठवणाऱ्याला फोन करतो. ईमेलला उत्तर देऊन विचारत नाही, कारण त्याचं खातंच दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं. ‘भाऊ, तुम्ही ही फाईल पाठवली का, आणि यात बटण दाबून काय होणार आहे?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर फाईल तशीच बंद राहते.

आमच्या रोजच्या, तपासलेल्या फायलींसाठी एकच विश्वासू फोल्डर ठरवलाय, आणि त्यात टाकायचा अधिकार दोघांनाच आहे. ‘डाउनलोड्स’ला कधीही विश्वासू करू नका. तो गावचा चव्हाटा आहे, कोणीही येऊन बसतो. आणि कुणी आधीच बटण दाबून बसलं असेल, खात्यातून पैसे गेल्यासारखं वाटत असेल, तर संगणकाचं इंटरनेट तोडून लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावायचा.

मामांच्या फाईलचं काय झालं, ते राहिलंच. त्यांनी पाठवणाऱ्याला फोन केला. त्याने सांगितलं, फाईलमध्ये यादीच आहे, मॅक्रो मागच्या वर्षीच्या कुठल्यातरी नमुन्यातून तसाच राहून गेलाय. त्याने ती साध्या एक्सएलएसएक्समध्ये पुन्हा पाठवली आणि लाल पट्टी गेली. मामांनी मग मला विचारलं, तुमच्या गटाच्या फाईलमध्ये काय लिहिलंय ते मला वाचता येईल का. मी त्यांना सोळा ओळींचा तो कागद पाठवला, प्रत्येक ओळीसमोर मराठीत अर्थ लिहून. तसाच एक कागद आमच्या काट्याच्या खोलीत, भावफलकाच्या खाली चिकटवलेला आहे. अकराव्या ओळीखाली त्या आजोबांनी स्वतः पेनने रेघ मारली आहे.